दोन मेगावॉट

सव्वाअकराला वरून फोन येतो.
वर म्हणजे नेमकं कुठं, हे नऊ वर्षांत मला कळलेलं नाही.
आवाज नवा, बोलणं जुनंच:
‘मॅडम, फ्रिक्वेन्सी पडलीय. दोन मेगावॉट काढा.’
कोणाचे काढा, ते सांगत नाहीत.

समोर चार ब्रेकर.
डेपो. जिनिंग. शेती. गावठाण.
डेपोवर लाल रंगात लिहिलंय: हात लावू नये.
त्यातलं ‘नये’ पुसत चाललंय.

डेपोत काय आहे ते गावाला माहीत आहे
आणि गाव ते बोलत नाही.
रात्रभर मोठाले दिवे तारेबाहेरच्या कुसळी गवतावर.
आजवर तिथं एक रानडुक्कर सापडलं.

जिनिंगात दुसरी पाळी,
पंचेचाळीस बाया, नाकाला पदर.
गठाणी बुधवारी बंदरावर पोचल्या नाहीत
तर सौदा दुसऱ्या देशाकडे जातो, मालक म्हणतो.
शेवंता येरमे म्हणते,
‘देशाचं मले माहीत नाही, हजेरी आमची जाते.’

शेतीला या आठवड्यात रात्रीची लाईन.
बिसन कुळसंगे हरभऱ्याला पाणी देतोय,
पंपाच्या पेटीवर एक बल्ब,
नाल्यापलीकडे वाघीण, दोन पिल्लांची.
बल्ब असला की ती अलीकडे येत नाही, असं तो धरून चालतो.
वाघिणीला कोणी विचारलेलं नाही.

राहिलं गावठाण.
दवाखान्यातला लसींचा फ्रिज, दहावीची पोरं, माझं घर.
फ्रिज चार तास थंडी धरून ठेवतो, मी विचारून ठेवलंय.
पोरांचं विचारायचं राहिलं.

संध्याकाळी रेडिओवर कोणी जाणकार सांगत होते,
दूर समुद्रात जहाजं खोळंबलीत, तेल चढलंय,
आता ठरवावं लागेल, आधी बंदूक, वीज की बाजार,
कोणाकडून घ्यायचं, कोणाला दुखवायचं.
आपला देश म्हणे फार थोर नाही, लहानही नाही.
मधला.
मी एकटीच हसले.
आम्ही तिघी बहिणी, मी मधली.
थोरलीला मान, धाकटीला लाड,
मधलीला निरोप.
थोरलीची उतरलेली साडी नेसायची,
साय धाकटीच्या वाटीत घालायची,
आणि पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं,
मला सायच आवडत नाही.

फाटकावर कोळशाची गाडी उभी आहे.
अठ्ठावन्न डबे. मोजले मी.
आमच्याच पायाखालून निघालेला,
कवडूमामाच्या विहिरीचं पाणी सोबत घेऊन गेलेला.
आणि फोनवर तो म्हणतो, ‘काय करणार मॅडम, कोळसा कमी आहे.’

‘काढलं का?’
खट्.
काढलं.
माझी मुलगी आता चाचपडत मेणबत्ती शोधत असेल
आणि लाईनवाल्यांच्या नावानं बोटं मोडत असेल,
म्हणजे माझ्याच.
लॉगबुकात लिहिते: ११.२२, गावठाण. कारण: वरून.

पावणेएकला पुन्हा फोन. डेपोचा.
पहाऱ्यावरचा पोरगा, बोलण्यावरून कुठला तरी डोंगराकडचा,
मराठी अजून कच्चं:
‘ताई, टॉवरवरून गाव दिसत नाही.’
तुमचे दिवे आहेत ना?
‘आहेत ना. तेच डोळ्यात. गवत दिसते फक्त.
मी रोज गाव बघत उभा राहतो.
कधी येणार?’

सांगता येईना.
अशा तक्रारीला लॉगबुकात रकाना नाही.
समासात लिहिलं: डेपो. गाव दिसत नाही.

सहाला बिसन आला.
चिखलाचे पाय दाराबाहेर ठेवून वाकला,
टेबलावर मूठभर ओले घाटे टाकले.
‘रात्री लाईन गेलीच नाही. काहून वो ताई?’

घाटा सोलला. आत एकच दाणा,
बोटांना आंब लागली.

‘घरची गेली,’ म्हणाले.